कच्च्या कैद्याची मुदत

१९७९च्या जानेवारीत ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांविषयी के. एफ. रुस्तमजी यांचे लेख आले. पोलीस सेवेत हयात घालवलेले रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे. ज्या गुन्ह्याचा आरोप, त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ त्या तुरुंगांत काही माणसे खटल्याविनाच खितपत पडली होती. त्या लेखांच्या आधारे कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या हुसैनारा खातून खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी निर्वाळा दिला, की खटला लवकर चालणे हा घटनेच्या कलम २१ने दिलेल्या हक्काचाच भाग आहे.

हक्क मिळाला, मुदत मात्र मिळाली नाही. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत लागू केला, पण वर्षांची मर्यादा आखली नाही. पुढे लहान पीठांनी तशा मर्यादा घालून पाहिल्या. २००२मध्ये सात न्यायमूर्तींनी त्या रद्द केल्या. अशी मुदत ठरवणे म्हणजे कायदा करणे, असे त्यांचे म्हणणे. ते आम्हाला पटते. सरसकट मुदत घातली, तर तारखा लांबवण्याची ऐपत असलेला आरोपीच आधी सुटेल आणि फिर्यादी हात चोळत बसेल.

पण तुरुंगात असलेल्याचे काय? देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने १९८७मध्ये सांगितले होते. आजही आपण त्याच्या निम्म्यावर पोचलेलो नाही. खटले रखडतात आणि तोवर साक्षीदार गाव सोडतात, म्हातारे होतात, वारतात. त्यात आरोपीइतकेच ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेही नुकसान आहे.

म्हणूनच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ आम्हाला महत्त्वाचे वाटते. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला जामीन. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला एक-तृतीयांश काळानंतरच. आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. वकील नसलेल्या, आपले कलमही ठाऊक नसलेल्या माणसासाठी हा फार मोठा आधार आहे. ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केले.

मात्र त्याच कलमाचे दुसरे पोटकलम हा आधार काढून घेते. एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील, तर ही सवलत नाही. शब्दशः वाचले, तर अगदी साधी घरफोडीही त्यात अडकते, कारण घरात शिरणे आणि चोरी करणे अशी दोन कलमे तिथे लागतात. ज्यांच्यासाठी तरतूद केली, त्यांतले कितीतरी जण दारातूनच परत फिरतील. सराईत गुन्हेगाराला रोखायचे असेल, तर न्यायाधीशाने कारणे लिहून कोठडी वाढवण्याची मुभा याच कलमात आधीपासून आहे. मग सरसकट बंदी कशाला? संसदेने हे पोटकलम वगळावे. त्यासाठी नवी न्यायालये बांधावी लागणार नाहीत, की न्यायाधीशांच्या भरतीची वाट पाहावी लागणार नाही.