जर्मनीत कंडक्टर जागेवर येत नाही! नोकरीला जाण्याआधी हे समजून घ्या

धाराशिवहून तुळजापूरच्या एसटीत बसलं की कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो. जर्मनीत तसं नाही. कुशल मनुष्यबळासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी करार केला. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: ट्राम, मेट्रो, लोकलला सहसा गेट नसतं. तिकीट आधीच काढायचं. अनेक शहरांत कागदी तिकिटावर मशीनमधून वेळेचा शिक्काही मारायचा. अचानक तपासणीत विनातिकीट सापडलात, तर दंड ६० युरो. देशभर लोकल प्रवासाला चालणारा 'डॉइचलँड तिकीट' हा महिन्याचा पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना आहे. म्हणजे एक चूक जवळपास महिन्याच्या पासाएवढी महाग! 'माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे जर्मन भाषेच्या वर्गात व्याकरणासोबत तिकीट मशीनचाही एक तास हवाच.