टँक व्हायला कुणी तयार नाही

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग गेमकडे वळू. चौघांनी मिळून धंदा काढला की विक्री करणाऱ्याला मान मिळतो, माल बनवणाऱ्यालाही मिळतो. वही लिहिणारा, उधारी मागायला जाणारा आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारा, यांचा हिशोब कुणी धरत नाही. त्यांचा मोबदला पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. ही गोष्ट मला सगळ्यात स्पष्ट कुठे दिसली, तर कॉम्प्युटरवरच्या राक्षस आणि ड्रॅगनच्या खेळात.

हसू नका. व्हिडिओत हा विषय काढला तेव्हा वेळ पुरला नाही, म्हणून इथे नीट लिहितोय.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा ऑनलाइन गेम २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्यात पाच जणांची टोळी करून गुहेत, किल्ल्यात शिरायचं असतं. पाचही जण तलवार घेऊन धावले तर पहिल्याच वळणावर सगळे मरतात. म्हणून कामं ठरलेली आहेत. एक जण टँक, म्हणजे ढाल धरणारा. एक हीलर, म्हणजे जखमा भरणारा. उरलेले तिघे मारणारे, त्यांना डॅमेजवाले म्हणतात.

आता गंमत बघा. शत्रू कुणावर धावून जाणार हे नशिबावर नसतं. ज्याचा त्याला सगळ्यात जास्त ‘धोका’ वाटतो, त्याच्यावर तो जातो. टँकचे फटके फार जोराचे नसतात, पण शत्रूला चिडवून स्वतःकडे ओढायची युक्ती त्याच्याकडे असते. टँकने पकड बसवायच्या आधीच एखाद्या डॅमेजवाल्याने घाई करून मोठा वार केला की राक्षस वळतो आणि त्याच्याच अंगावर येतो. अंगावर जाड चिलखत नसतं, दोन फटक्यांत तो आडवा. त्याला वाचवायला हीलर सगळी ताकद खर्च करतो, मग तिकडे टँक पडतो, आणि मग सगळेच.

आपल्याला हे समजायला परदेशी गेमची गरज नव्हती म्हणा. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे उभे राहिले ते विजापूरची फौज संपवायला नव्हे. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वाट अडवून धरायची, एवढंच काम होतं. खिंड अरुंद, म्हणजे समोर फौज कितीही असली तरी एका वेळी अंगावर येणारे थोडेच. गेम खेळणारे आजही दाराच्या तोंडाशी टँक उभा करतात ते याच कारणाने.

तुमच्या धंद्यात टँक कोण? माल खराब निघाला म्हणून दुकानदार ओरडतो तेव्हा फोन उचलणारा. बँकेच्या साहेबासमोर बसणारा. हीलर कोण? रोकड सांभाळणारा, जीएसटीचं रिटर्न भरणारा, थकलेली बिलं गोळा करून आणणारा. बाकी डॅमेजवाले, म्हणजे विक्री आणि उत्पादन. यांचे आकडे दिसतात, म्हणून सगळ्यांना तेच व्हायचं असतं.

गेममध्येही हेच झालं. २००९ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने अनोळखी खेळाडूंची आपोआप टोळी जुळवून देणारी सोय आणली. डॅमेजवाल्यांची ही लांब रांग लागली. टँक आला की त्याला लगेच जागा, कारण टँक व्हायला कुणी तयारच नाही. चूक झाली की सगळे त्यालाच बोलणार, आणि जिंकलो तर वाहवा भलत्याचीच. कंपनीने काय केलं? उपदेश केला नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये नियम काढला: ज्या भूमिकेची टंचाई असेल ती घेऊन येणाऱ्याला बक्षिसाची जादा थैली. टंचाई बहुतेक वेळा टँकचीच असायची. ज्या कामाला माणूस मिळत नाही त्या कामाचा भाव वाढवायचा, बस.

मागे पवनारच्या चार पोरांशी बोलणं झालं. तूरडाळ पॅक करून विकतात. एक जण शेतकऱ्यांकडून तूर घेतो, एक मशीन बघतो, एक वर्धा आणि नागपूरची दुकानं धरतो. चौथा वही लिहितो, उधारी वसूल करतो आणि तक्रारी झेलतो. नफा चौघांत सारखा, तोंडी ठरलेला. दुकानं धरणारा मला म्हणाला, “सर, मी उन्हातान्हात फिरतो. थो काय करते? दिवसभर फोनवर बोलत राह्यते.” चौथा तिथेच बसला होता. काही बोलला नाही. नंतर बाहेर आल्यावर म्हणाला, नागपूरला नोकरी बघतोय.

हीच पोरं रात्री मोबाइलवर चौघांचा स्क्वॉड करून खेळतात. तिथे पडलेल्याला उचलायला थांबणाऱ्याला कुणी ‘तू किती मारले’ असं विचारत नाही.

आता डावपेचांकडे येऊ, कारण दुसरी एक गोष्ट आकड्यांत दाखवायची आहे. गेममध्ये म्होरक्या एका शत्रूच्या डोक्यावर कवटीचं चिन्ह लावतो. अर्थ एवढाच: सगळ्यांनी आधी यालाच मारायचं. का? धरा की पाच शत्रू आहेत आणि आपणही पाच. एका शत्रूला एकट्याने मारायला दहा सेकंद लागतात. प्रत्येकाने आपापला शत्रू धरला तर दहा सेकंद पाचही शत्रू जिवंत, पाचही मारत राहणार. सगळ्यांनी मिळून एकेक धरला तर दर दोन सेकंदांनी एक पडतो. एकूण वेळ तोच, दहा सेकंद. पण पहिल्या पद्धतीत फटके ५० सेकंदांचे, दुसरीत ३० सेकंदांचेच.

हाच हिशोब ऑर्डरला लावा. पाच ऑर्डर हातात आहेत, प्रत्येकीला सगळ्यांचे मिळून दोन दिवस लागतात. पाचही एकदम सुरू करून थोड्या थोड्या पुढे नेल्या तर दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यांचे पैसे. एकेक संपवली तर पहिले पैसे दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, सहाव्या. काम तेवढंच, माणसं तेवढीच, पण हीलरच्या हातात रोकड लवकर येते. (शेवटच्या गिऱ्हाइकाला मात्र तारीख आधीच खरी सांगा, नाहीतर टँकची पाठ फुटते.)

आणि मेंढरू! मला सगळ्यात आवडतो तो हा डाव. जादूगार एका शत्रूचं मेंढरू करून टाकतो. ते तेवढा वेळ इकडेतिकडे चरत फिरतं, कुणाला काही करत नाही. पण त्याला चुकून कुणाचा वार लागला की जादू सुटते आणि पुन्हा राक्षस उभा. एका पुरवठादाराला तुमच्या हीलरने गोड बोलून पंधरा तारखेपर्यंत थांबवलं. दुसऱ्या भागीदाराला ते माहीत नाही, तो बाजारात भेटल्यावर जुन्या रेटवरून त्याच्याशी वाद घालतो. झालं, मेंढरू जागं. कुणाला थांबवून ठेवलंय याची यादी भिंतीवर लावा, एवढं साधं काम आहे.

२००५ साली लीरॉय जेन्किन्स नावाच्या खेळाडूची क्लिप फार गाजली. टोळी उभी राहून बेत आखतेय आणि हा स्वतःचं नाव ओरडत आत पळतो, मग सगळे मरतात. ती क्लिप ठरवून केलेली होती, पण असा एक भागीदार तुमच्याकडे खरा असेल. तोही काही वाईट माणूस नसतो. बेत लांबला की कंटाळतो.

आता पैशाचं. ड्रॅगन मेला की पेटीतून माल निघतो, आणि टोळ्या मोडतात त्या लढाईत कमी, या वाटणीत जास्त. ‘एव्हरक्वेस्ट’ हा त्याआधीचा, १९९९ चा गेम. तिथल्या खेळाडूंनी स्वतःच डीकेपी नावाची गुणांची वही काढली. मोहिमेला हजर राहिलात की गुण, आणि ते गुण खर्चून माल घ्यायचा. महत्त्वाचं हे की ढाल धरणाऱ्याला, मलम लावणाऱ्याला आणि मारणाऱ्याला त्याच वहीत गुण मिळत. शिवाय नियम मोहिमेआधी ठरलेला, पेटी उघडल्यावर नाही.

तुम्ही काहीच लिहिलं नाही तर नियम कोणता लागतो माहीत आहे? भारतीय भागीदारी कायदा १९३२, कलम १३. वेगळा करार नसेल तर भागीदाराला धंद्यात राबल्याबद्दल पगार मागता येत नाही आणि नफा-तोटा सारखा वाटला जातो. ठरलेल्या भांडवलाहून जास्त पैसा धंद्यासाठी दिला असेल तर त्यावर वर्षाला ६ टक्के व्याज मिळतं. म्हणजे जादा पैशाला सहा टक्के, जादा घामाला शून्य. पवनारचा तो चौथा मुलगा आज याच शून्यावर उभा आहे.

यावर एक जण मला म्हणाला, “सर, सगळ्यांना सारखं हीच तर आपल्या वर्ध्याची शिकवण.” प्रश्न रास्त आहे. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथे बहिणी आपली कामं आपल्या हाताने करतात, निर्णय सर्वसंमतीने घेतात. झाडलोट हलकी आणि लिखाण भारी असं मानत नाहीत. मला त्याचा आदर आहे. पण तिथे कुणी नफ्याचा वाटा घरी नेत नाही. तुम्ही नेता. काम सारखं मोलाचं मानायचं असेल तर आधी ते मोजावं लागेल, आणि तुमच्या फर्ममध्ये वसुलीला जाण्याची पाळी दुकानं धरणाऱ्यावर कधी येते का? नाही ना. मग ‘सारखं’ हा शब्द तिथे एकाच माणसाच्या खिशातून जातो.

म्हणून करारनाम्यात चार ओळी जास्त लिहा. कोणतं काम कुणाकडे. त्या कामाचा महिन्याचा मोबदला किती, तो नफा वाटण्याआधी निघेल. वसुली आणि तक्रारी बघणाऱ्याला जादा किती. कुणी सोडून गेला तर वही आणि येणी कुणाच्या हाती जाणार. कामकाज बघणाऱ्या भागीदाराचा पगार करारात लिहिलेला असेल तरच, आणि ठरलेल्या मर्यादेत, आयकरात खर्च म्हणून धरता येतो, हा आणखी एक फायदा. फर्मची नोंदणीही करून घ्या. कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला उधारी बुडवणाऱ्यावर करारापोटी दावा लावता येत नाही, मग तुमचा वसुलीवाला नुसता फोनच करत बसणार.

पवनारच्या पोरांना मी एवढंच सांगितलं की एक महिना कामं बदलून बघा. दुकानं धरणाऱ्याने उधारीची वही घ्यायची. त्याने विचारलं, “आणि मालाच्या तक्रारी?” त्याही तुझ्याकडेच, भाऊ.