त्यांचा भोपळा, आपले बोंड

आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळाला की पोराच्या पाठीत धपाटा बसतो. अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला की बाईच वर्गात भोपळा घेऊन येतात आणि त्याच्यावर गणित, विज्ञान, भाषा असे सगळे विषय शिकवतात. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, म्हणून या अंकात तिच्यावर लिहीत आहोत.

३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोवीन नावाचा सण असतो. त्याचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचे. पीक घरात आले, थंडी पडू लागली की त्या रात्री मेलेली माणसे घराकडे फिरकतात, अशी जुनी समजूत होती. आपल्या सर्वपित्री अमावस्येची आठवण यावी असाच हा प्रकार. लोक सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवत. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला, दुष्काळ झाला आणि लाखो लोक देशोधडीला लागून अमेरिकेत गेले. तिथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला. आपण त्याला कुठे डांगर म्हणतो, कुठे काशीफळ. सण तोच राहिला, पीक बदलले.

पहिली-दुसरीच्या वर्गात काय चालते ते पाहा. चार-पाच मुलांच्या गटाला एक भोपळा. आधी अंदाज करायचा, वजन किती भरेल? मग काट्यावर ठेवायचा. सुतळी गुंडाळून घेर मोजायचा. पाण्याच्या बादलीत टाकायचा, बुडतो की तरंगतो? एवढा जड भोपळा तरंगतो, कारण आत पोकळी आहे, हे पोर स्वतः पाहते. मग फोडून बिया काढायच्या, दहा-दहाचे ढीग लावून मोजायच्या. काही बिया भाजून खायच्या, काही पेरायला ठेवायच्या. एखादा भोपळा बरणीत कुजू देऊन दर आठवड्याला बुरशी कशी वाढते त्याची नोंद ठेवायची. मक्याचे कणीस आणून दाण्यांच्या ओळी मोजायच्या. त्या नेहमी सम संख्येत भरतात, हे मुलांना पुस्तकाऐवजी कणीसच सांगते. काही पालकांना भुताखेतांचा सण शाळेत नको वाटतो, म्हणून अनेक शाळा भुते वगळून नुसती सुगीच साजरी करतात.

हे सगळे त्यांना का करावे लागते? अमेरिकेत आज शंभरात दोन माणसेसुद्धा शेतावर राहत नाहीत. दूध पिशवीतून येते असे समजणारी पोरे तिथेही आहेत. म्हणून १९८१ पासून तिथल्या कृषी खात्याने वर्गातच शेती शिकवण्याचा कार्यक्रम चालवला आहे. शाळेच्या सहली भोपळ्याच्या शेतावर जातात आणि शेतकरी शेत दाखवण्याचे पैसे घेतो. कोरलेले बहुतेक भोपळे खाल्ले जात नाहीत, फेकले जातात. ते वाचून आपला जीव हळहळतो, पण त्या शेतकऱ्याला दाम मिळालेला असतो.

तरी तिकडचे सगळे सोन्याचे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या वर्गात बिया मोजतात, पैसे मोजत नाहीत. अमेरिकी कृषी खात्याच्याच हिशेबाने तिथले गिऱ्हाईक अन्नावर एक डॉलर खर्च करते तेव्हा शेतकऱ्याच्या हाती सुमारे पंधरा सेंट पडतात. उरलेले पंच्याऐंशी सेंट वाटेत कुठे जातात, हे गणित भिंतीवर चिकटवलेल्या बुजगावण्याच्या चित्रात सापडत नाही.

आता आपल्याकडे या. आपली पोरे शेतातच वाढतात, पण शाळेच्या दारात शिरताना शेत बाहेर ठेवून जातात. कापसाच्या मुलखात हे व्हावे, याचे वाईट वाटते. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली. कापूस, टकळी, सूत यांतून गणितही शिकवा आणि भूगोलही, असा तो विचार होता. पुढे त्याचा कार्यानुभवाचा तास झाला आणि तो तासही बहुतेक ठिकाणी कागदावरच भरला. आम्ही स्वतः कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली. कपाशीचे लॅटिन नाव पाठ झाले. एका क्विंटलला खर्च किती आला हे काढायला मात्र कोणी शिकवले नाही. ते आम्ही शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून शिकलो.

दिवाळीची सुटी संपते तेव्हा कपाशीची वेचणी ऐन भरात असते. वर्गात न्यायला आपल्याजवळ काय कमी आहे? बोंड उकलले की कप्पे मोजावेत, चार भरतात की पाच. तीनशे ग्रॅम कापूस घेऊन हाताने सरकी काढावी, रुई आणि सरकी वेगळी तोलावी. साधारण तिसरा हिस्सा रुई निघते. दहा पोरांनी ज्वारीचे शंभर-शंभर दाणे मोजले की हजार होतात. ते किराणा दुकानाच्या काट्यावर तीस ग्रॅमच्या आसपास भरतील. मग एका कणसाचे दाणे तोलून ते किती असतील हे त्रैराशिकाने काढावे. आणि सातवीच्या पोराने घरच्या एका एकराचे बियाणे, नांगरट, डवरणी, निंदणी, फवारा, वेचणीची मजुरी वहीत मांडून निघालेल्या क्विंटलांनी भागावे. घरच्या माणसांची मजुरीही त्यात धरावी. येणारा आकडा त्याने बापाला वाचून दाखवावा.

वेचणीच्या दिवसांत शाळेचे बाक रिकामे होतात, हे आपल्याला नवे नाही. अमेरिकेत मेन राज्याच्या अरूस्टुक परगण्यात बटाटा काढणीसाठी शाळांना सुटी देण्याची जुनी प्रथा आहे. आम्ही ती मागत नाही. पोराला वेचणीला धाडणारी शाळा आम्हाला नको, वेचणीचा हिशेब शिकवणारी शाळा हवी.

भावांनो आणि मायबहिणींनो, या बैठकीतून परत जाल तेव्हा आपापल्या गावच्या गुरुजींना, बाईंना भेटा. वर्षातून एक दिवस सुगीसाठी मागा. काटा आणि कापूस आपण नेऊ. त्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहायची गरज नाही. हिशेब न जमल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाती जो भोपळा आला, तो निदान पोरांच्या हाती तरी जाऊ नये.