जोडीदाराचा परवाना

एकट्याने खेळणाऱ्याच्या यशापयशाचा धनी तो एकटाच असतो. परंतु फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात उतरलेल्या स्त्रीची कारकीर्द दुसऱ्याच्या मनगटावर, दुसऱ्याच्या निष्ठेवर आणि, दुर्दैवाने, एखाद्या संघटनेच्या दप्तरात पडून राहिलेल्या अर्जावरही अवलंबून असते, हे अल्योना साव्हचेन्को हिच्या चरित्राइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

1984 साली युक्रेनमधील ओबुखिव येथे जन्मलेली ही मुलगी 2000 साली स्तानिस्लाव मोरोझोव्ह याच्यासह कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. पुढे ती जोडी फुटली आणि स्वदेशात तोलामोलाचा साथीदार मिळेना, तेव्हा तिने 2003 साली जर्मनीतील केमनिट्झ गाठले. तेथे रॉबिन शोल्कोवी याच्यासह, नागरिकत्वाची सनद हाती पडल्यानंतर, तिने पाच जागतिक विजेतेपदे आणि ऑलिंपिकची दोन कांस्यपदके संपादन केली.

या प्रकारात ‘थ्रो’ नावाची एक उडी आहे. जोडीदार वेगात असतानाच स्त्रीला कमरेला धरून हवेत भिरकावतो. ती स्वतःभोवती तीन गिरक्या घेऊन, कित्येक मीटर दूर, एका पायाच्या अरुंद पात्यावर पाठमोरी उतरते. फेकणाऱ्याचा हात क्षणभर आधी वा नंतर सुटला, तर त्याचे प्रायश्चित्त तिच्या हाडांना भोगावे लागते. असा परस्परविश्वास वर्षानुवर्षांच्या सरावातूनच निर्माण होतो. तो कोणत्याही कचेरीच्या हुकमाने निर्माण होत नाही, मात्र अशा हुकमाने तो निष्फळ अवश्य ठरू शकतो.

2014 साली शोल्कोवी निवृत्त झाला, तेव्हा तिशी गाठलेल्या अल्योनाने फ्रान्सच्या ब्रूनो मासो याची निवड केली. परंतु त्याला जर्मनीकडून खेळण्यासाठी मुक्त करण्यास फ्रेंच संघटनेने दीर्घकाळ नकार दिला. सराव चालू, परंतु स्पर्धेची दारे बंद, अशा अवस्थेत त्या दोघांचा एक संपूर्ण हंगाम गेला, आणि 30,000 युरो मोजल्यावरच 2015 साली मंजुरी मिळाली. ज्या संघटनेने खेळाडू घडवण्यासाठी पैसा खर्च केला, तिने भरपाई मागावी हे न्याय्यच आहे, आणि तो हक्क मी यत्किंचितही नाकारीत नाही. परंतु भरपाई मागणे वेगळे आणि माणसाची उमेदीची वर्षे गहाण ठेवून घेणे वेगळे. शिवाय ऑलिंपिकमध्ये दोघांचेही नागरिकत्व एकाच देशाचे असावे लागत असल्यामुळे मासोला जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागली, आणि ते नागरिकत्व त्याला 2017 च्या नोव्हेंबरात, म्हणजे ऑलिंपिकच्या अवघे तीन महिने आधी मिळाले.

प्योंगचांग येथील त्या ऑलिंपिकमध्ये लघु कार्यक्रमात मासोने तिहेरी उडीची दुहेरी केली आणि ही जोडी चौथ्या क्रमांकावर घसरली. दुसऱ्या दिवशी मुक्त कार्यक्रमात त्यांनी 159.31 गुणांचा तत्कालीन जागतिक उच्चांक गाठला, एकूण 235.90 गुण झाले आणि चीनच्या सुई वेनजिंग व हान त्सोंग यांच्यावर 0.43 गुणांनी मात करून, चौतीस वर्षांच्या अल्योनाने आपल्या पाचव्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले.

फ्रेंच संघटनेच्या मंजुरीचा तो कागद आणखी दोन वर्षे अडकला असता, तर हे सुवर्ण तिच्या वाट्याला आलेच नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने मुक्ततेच्या अर्जाला निश्चित मुदत घालावी, भरपाईचे कोष्टक हंगामापूर्वीच जाहीर करावे, आणि मुदत टळल्यास परवाना मंजूर झाला असे समजण्याची तरतूद नियमांतच करावी.