बारा धावांची हार

कसोटी सामना पाच दिवसांचा असतो, पण कधी कधी त्याचे नशीब अर्ध्या तासात फिरते. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत-पाकिस्तान सामन्यात ते दोनदा फिरले. दौऱ्याला विरोध होता. दिल्लीत कोटला मैदानाची खेळपट्टी खणली गेली होती, म्हणून पहिली कसोटी चेन्नईला आली.

पाकिस्तानच्या २३८ धावांना भारताने २५४ धावांनी उत्तर दिले. दुसऱ्या डावात शाहिद आफ्रिदीने १४१ धावा काढल्या आणि पाकिस्तान ४ बाद २७५ पर्यंत पोहोचले. सामना हातचा गेला असे वाटत असतानाच व्यंकटेश प्रसादने कमाल केली. उरलेले सहा गडी ११ धावांत बाद झाले. भारतापुढे लक्ष्य २७१ धावांचे.

भारताचेही पाच गडी ८२ धावांत गेले. मग सचिन तेंडुलकर पाठदुखी सोसत उभा राहिला. नयन मोंगियाबरोबर त्याने १३६ धावांची भागी केली. विजय १७ धावांवर आला, चार गडी हातात होते. तेवढ्यात सकलेन मुश्ताकच्या चेंडूवर सचिन १३६ धावा काढून झेलबाद झाला. उरलेले तिघे चार धावांत परतले आणि भारत १२ धावांनी हरला.

‘सचिनने तो फटका मारला नसता तर!’ असे लोक अजून म्हणतात. आम्हाला हा हिशेब पटत नाही. ज्याने सामना इथवर आणला, जाब त्यालाच विचारायचा? दहावीच्या निकालानंतर घराघरांत हेच होते. दोन-चार गुण कमी पडले की मुलाची वर्षभराची मेहनत कोणाला दिसत नाही.

चेपॉकच्या प्रेक्षकांना ती दिसली होती. आपला संघ हरला असतानाही त्यांनी उभे राहून पाकिस्तानी खेळाडूंसाठी टाळ्या वाजवल्या. वसीम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारली. मेहनतीची कदर करायला जिंकण्याची अट नसते, हे त्या दिवशी सामान्य माणसांनी दाखवले.

आठवडाभरातच कोटलावर अनिल कुंबळेने एका डावात दहाही गडी बाद केले आणि मालिका बरोबरीत सुटली.

वाचकहो, निकालाच्या दिवशी मुलाला आधी जेवायला वाढा. कुठे चुकले, ते दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारता येते.