धान्यव्यापाऱ्याच्या मुलीने दिलेले नाव

1880 च्या उन्हाळ्यात व्हिएन्नातील एक श्रीमंत ज्यू धान्यव्यापारी गंभीर आजारी पडला. रात्रीच्या शुश्रूषेची जबाबदारी त्याच्या एकवीस वर्षांच्या मुलीने घेतली. काही महिन्यांतच ती स्वतः अंथरुणाला खिळली. खोकला थांबेना, उजवा हात लुळा पडला, पुढे जर्मन ही मायबोलीही तोंडून उमटेना. बोललीच तर ती इंग्रजीत बोले. उपचारासाठी आलेल्या डॉ. जोसेफ ब्रॉयर यांच्या ध्यानी आले, की संध्याकाळी जवळ बसून तिचे बोलणे ऐकले की तिला शांत वाटते. एका कडक उन्हाळ्यात तर कित्येक आठवडे तिला पेल्यातले पाणी पिववेना. मग एके दिवशी बोलता बोलता तिला आठवले, की नावडत्या सोबतिणीच्या कुत्र्याला तिने पेल्यातून पाणी पिताना पाहिले होते आणि सभ्यतेपोटी ती गप्प राहिली होती. दडपलेला संताप बोलून टाकल्यावर तिने पाणी मागितले आणि ती ते प्यायली. या प्रकाराला तिनेच 'टॉकिंग क्युअर', म्हणजे बोलण्याचा उपचार, असे नाव दिले. थट्टेने ती त्याला धुराडे साफ करणे असेही म्हणे.

ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी 1895 मध्ये ही हकीकत 'ॲना ओ.' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. पुस्तकातून ती पूर्ण बरी झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यानंतरही तिला अनेकदा आरोग्यधामात राहावे लागले. पुढे मात्र बर्था पापेनहाइम या स्वतःच्या नावाने तिने अनाथ मुलींसाठी काम केले आणि 1904 मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. ॲना ओ. ती हीच, हे जाहीर झाले 1953 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

नाव झाकण्यामागची ही काळजी व्यापारी घराला समजावून सांगावी लागत नाही. ज्या पेढीवर लाखोंचे सौदे तोंडी शब्दावर होतात, तिथेच 'तीन महिने झोप नाही' हे एक वाक्य मात्र बोलले जात नाही. बाजारात कळले तर उधारीची मुदत कमी होईल, घरात लग्नाची मुलगी असेल तर स्थळे मागे फिरतील. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. म्हणून माणूस हृदयाचा आलेख काढतो, आम्लपित्ताच्या गोळ्या घेतो आणि 'नुसते बोलून काय होणार?' असे म्हणून विषय मिटवतो.

नुसते बोलून काय होते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. भुसार बाजारातील पन्नाशीचा एक आडत्या आहे. परगावच्या एका पार्टीने त्याचे चाळीस लाख बुडवले. तोटा सोसण्याजोगा आहे. पण तेव्हापासून पहाटे तीनला छातीत धडधडून जाग येते, दुकानात बसूनही तो फोन घेत नाही, मुलावर विनाकारण ओरडतो. आलेख निर्दोष आहे.

फिलाडेल्फियाचे डॉ. ॲरन बेक मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. 1960 च्या दशकात त्यांना दिसले, की खिन्न माणसाच्या मनात काही वाक्ये इतक्या झटकन येऊन जातात, की ती आली हेही त्याला जाणवत नाही. मागे उरते ती फक्त घबराट किंवा निराशा. त्यांच्या पद्धतीने काम करणारा उपचारक या आडत्याला एक वही देईल. फोन वाजला, त्या क्षणी मनात काय आले? 'हाही बुडवणार.' घबराट किती? शंभरात नव्वद. पुढच्या रकान्यात पुरावा, बाजूचा आणि विरुद्धही. मग आडत्या आपली खतावणी उघडतो आणि मोजतो: वर्षभरात बासष्ट पार्ट्या, वेळेवर पैसे देणाऱ्या एकोणसाठ. पुढल्या रकान्यात घबराटीचा आकडा पुन्हा लिहायचा असतो, आणि तो बहुधा थोडा उतरलेला असतो. याला 'चांगलेच विचार करा' असा उपदेश समजणे चूक ठरेल. उरलेल्या तिघांची लक्षणे खरोखरच बरी नसतील, तर वहीतून निघणारा निष्कर्ष उधारी आवरण्याचा असतो. जोडीला कृतीही ठरते: पहिल्या आठवड्यात रोज एक फोन घ्यायचा, तोही ठरल्या वेळी. हा उपचार साधारणतः बारा ते वीस भेटींचा.

फ्रॉइडच्या परंपरेतील उपचारक वही देणार नाही. तो विचारेल, याहून मोठा तोटा दहा वर्षांपूर्वी पचला, मग हाच का लागला? कदाचित निघेल, की बुडवणारा हा वडिलांच्या मित्राचा मुलगा होता आणि त्याला माल देऊ नये असे वडील जाताना सांगून गेले होते. रक्कम विसरता येते. दुकानातल्या तसबिरीकडे बघता येत नाही. हा मार्ग संथ आहे, काही वेळा वर्षभराहूनही लांबतो.

अमेरिकेचे कार्ल रॉजर्स यांनी 1951 च्या आपल्या पुस्तकात तिसरीच वाट मांडली. तिथे गृहपाठ नाही, अर्थ लावणेही नाही. समोरच्याचे म्हणणे कोणताही निवाडा न करता, त्याच्याच बाजूने अचूक समजून घेणे आहे. हे थोडे वाटेल. पण ज्या घरात वाक्य संपण्याआधीच चार दिशांनी सल्ले येतात, तिथल्या माणसाला ते आयुष्यात प्रथमच मिळालेले असते. गुरूंपुढील आलोचनेत दोष सांगायचा आणि प्रायश्चित्त घ्यायचे असते. इथे दोष असावाच लागत नाही, केवळ दुःख पुरते.

यांपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद जुना आहे. मंत्रचळ किंवा विशिष्ट गोष्टीची तीव्र भीती यांवर, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारे वर्तनोपचार अधिक उपयोगी ठरतात. इतर अनेक तक्रारींत पद्धतीइतकेच वजन उपचारक आणि येणारा यांच्यातील विश्वासाला असते. म्हणून तीन-चार भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल, तर तसे उपचारकाला सांगावे; तरीही न जमल्यास दुसरा शोधावा. औषधाची गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच लागतात, आणि दोन्ही उपचार बरोबरीने चालू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नव्या पार्टीचा जीएसटी क्रमांक तपासल्याशिवाय माल न देणाऱ्याने हा नोंदणी क्रमांक विचारताना संकोचू नये.

गुप्ततेविषयी आता केवळ भलेपणावर विसंबावे लागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. पहिल्याच भेटीत हे अपवाद नीट विचारून घ्यावेत. केंद्र सरकारची 14416 ही विनामूल्य टेलिमानस सेवा 2022 पासून चोवीस तास सुरू आहे. मराठीतून बोलता येते.

खरी गळती बहुधा घरातूनच होते. आडत्या पन्नास मिनिटांनी खोलीबाहेर येतो, तेव्हा बाकावर बसलेली पत्नी किंवा भाऊ काळजीपोटीच विचारतो, 'काय काय सांगितलेस?' पुढच्या भेटीत तो मग बोलताना चाचरतो, कारण परतीच्या वाटेवर पुन्हा उत्तर द्यायचे आहे. त्याला घ्यायला आलेल्याने चहा हवा का, एवढेच विचारले तरी चालते.