झाशी स्थानकावर एक शांत खोली हवी

मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
झाशी विभाग, उत्तर मध्य रेल्वे



झाशीतली आम्ही मराठी माणसं मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे निघतो ती पंजाब मेलने, नाहीतर झेलमने. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला ऑटिझम आहे. घोषणेआधी लाउडस्पीकर सुरू होताना बारीकशी खरखर होते. आमच्या ती कानावरही येत नाही, पण त्याचे तळवे तेवढ्यात कानांवर गेलेले असतात. मग घोषणा, तिच्यावर इंजिनाचा हॉर्न, त्यातच चहावाल्याची आरोळी, आणि पोरगा फलाटावर फतकल मारतो. बघणारे म्हणतात, लाडावून ठेवलंय.

लाडाचा इथे काही संबंध नाही. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात टिमोथी रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूतली सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रं टिपणाऱ्या यंत्राने हे मोजलं. 2010 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार ऑटिझम असलेल्या मुलांचा मेंदू आवाजाला सरासरी 11 मिलिसेकंद उशिरा प्रतिसाद देतो. सेकंदाचा जेमतेम शंभरावा हिस्सा. पण बोलण्यात अक्षरामागून अक्षर धावत असतं, त्यात एवढी दिरंगाईही भोवू शकते. शिवाय तोच आवाज पुन्हापुन्हा आला की आपला मेंदू त्याकडे काणाडोळा करायला शिकतो. यातल्या अनेक मुलांना ते सहज जमत नाही. दहावा हॉर्नही पहिल्याइतकाच अंगावर येतो. सगळ्यांचं सारखं नसतं, हेही खरं. काही मुलं तर मोठ्या आवाजाकडे वळूनही पाहत नाहीत.

घोषणा बंद करा, असं मी म्हणणार नाही. चेन्नई सेंट्रलने 2023 मध्ये तो प्रयोग केला आणि थोड्याच दिवसांत घोषणा पुन्हा सुरू कराव्या लागल्या. अंध प्रवाशांनी गाडी कुठे लागली हे कशावरून ओळखायचं?

मागणी छोटी आहे. प्रतीक्षालयातली एक खोली वेगळी काढा. तिथला लाउडस्पीकर बंद ठेवा, दाराला जाड रबराची पट्टी लावा आणि भिंतीवर गाड्यांच्या वेळा दाखवणारा पडदा बसवा. नवं बांधकाम नको. तिकीट तपासनीस आणि हमालांनाही ही खोली ठाऊक असू द्या, म्हणजे कानावर हात घेतलेलं मूल दिसलं की ते आई-बापांना तिकडे पाठवतील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा फाइलवर कारण लिहायला अडचण येऊ नये.

गणपतीच्या गर्दीआधी एवढं कराच, ही विनंती.

आपली,
झाशीची एक प्रवासी